काठ उतरता असावा : परसातील तळे आणि जीवदया

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील व्याख्यानाचा लिखित पाठ)



दक्षिण महाराष्ट्रात ज्या घरातील कोणीही श्रवणबेळगोळची यात्रा केलेली नाही, असे जैन घर विरळाच. भगवान बाहुबलींची ५७ फूट उंचीची मूर्ती डोळ्यांत साठवून यात्रेकरू परततो. परंतु त्या क्षेत्राचे नाव मूर्तीवरून पडलेले नाही, ते एका तळ्यावरून पडले आहे. कन्नड भाषेत ‘बेळ’ म्हणजे पांढरे आणि ‘कोळ’ म्हणजे तळे. श्रमणांचे पांढरे तळे ते श्रवणबेळगोळ. विंध्यगिरी आणि चंद्रगिरी या दोन टेकड्यांच्या मध्ये ते तळे आजही आहे. भगवान महावीरांच्या निर्वाणभूमीचे, पावापुरीचे, जलमंदिर तर कमळांनी भरलेल्या तळ्याच्या मध्यभागीच उभे आहे. तीर्थंकरांची लांछने आठवून पाहावीत. दिगंबर परंपरेनुसार सुमतिनाथांचा चकवा, पद्मप्रभूंचे कमळ, पुष्पदंतांची मगर, अरनाथांचा मत्स्य, मुनिसुव्रतनाथांचे कासव, नमिनाथांचे नीलकमल आणि नेमिनाथांचा शंख. चोवीसांपैकी सात लांछने पाण्यातील वा पाण्याकाठची आहेत. ज्या समाजाने पाणी गाळल्याशिवाय ओठाला लावले नाही, त्या समाजाचे पाण्याशी नाते किती जुने आणि किती सजग आहे, याची ही खूण होय.

या नात्याचा विचार आज करावयाचा, तो एका अगदी लहान आणि घरगुती गोष्टीच्या निमित्ताने. घराच्या परसात, मंदिराच्या अथवा वसतिगृहाच्या आवारात पक्ष्यांसाठी व इतर जीवांसाठी एक छोटे तळे करावयाचे झाल्यास ते कसे असावे, हा आजचा विषय आहे.

पाणवठे कोठे गेले?

कोल्हापुरात कपिलतीर्थ हे आज मंडईचे नाव आहे आणि वरुणतीर्थाच्या जागी गांधी मैदान आहे. दोन्ही एकेकाळी तळी होती. जवळपास प्रत्येक गावात अशी एखादी बुजलेली जागा सापडते. जुन्या वाड्यांच्या परसात आड असे, न्हाणीचे पाणी केळी-अळूच्या वाफ्यात जाई आणि त्या ओलीवर बेडूक, दयाळ, बुलबुल यांचे सुखाने चाले. आड बुजले, कूपनलिका आल्या, परसात फरशी बसली. पाणी माणसाला अधिक मिळू लागले, पण ते नळातून नळात वाहू लागले. उघडे, चोच बुडविता येईल असे पाणी मात्र नाहीसे झाले.

उन्हाळ्यात पक्ष्यांसाठी मातीची भांडी वाटण्याचा उपक्रम अनेक मंडळे करतात. तो स्तुत्यच आहे. परंतु भांड्यात पक्ष्याची तहान भागते आणि तेवढेच होते. तळ्याचे काम याहून पुष्कळ मोठे आहे. तेथे पक्षी अंघोळ करतो. मातीचे घरटे लिंपणारी भिंगरी चिखलाचा गोळा चोचीत धरून नेते. कुंभारीण माशीला तिच्या इवल्या मडक्यासाठी माती मिळते. पोळे थंड ठेवण्यासाठी मधमाश्या पाणी नेतात. फुलपाखरे ओल्या मातीतील क्षार शोषतात. बेडूक आणि चतुर यांचे तर बालपणच पाण्यात जाते. जलपात्र हे जलदान झाले; तळे हे आश्रयदान आहे. आहार, औषध, शास्त्र आणि अभय या चार दानांपैकी तळ्याचे नाते अभयदानाशी आहे, आणि म्हणूनच त्याची जबाबदारीही मोठी आहे.

खोदणे आणि शोषणे

येथे एखादा जाणता श्रावक आक्षेप घेईल, आणि तो घेणे योग्यच आहे. श्रावकाने वर्ज्य करावयाच्या पंधरा कर्मादानांत स्फोटकर्म सांगितले आहे. तळी, विहिरी खोदून त्यावर उपजीविका करणे त्यात येते. जमीन खोदली की पृथ्वीकाय जीवांची आणि मातीतील असंख्य त्रस जीवांची विराधना होते. मग जीवदयेसाठी तळे खोदणे हा विरोधाभास नव्हे काय?

या आक्षेपाला बगल देऊ नये. त्याच पंधरांत आणखी एक कर्मादान आहे, सरोवर-तडाग शोषणाचे. तळे आटविणे हेही वर्ज्यच आहे. शास्त्रकारांनी खोदणारा आणि आटविणारा दोघांनाही एकाच यादीत बसविले, यात मोठा अर्थ आहे. पाण्याला हात लावणाऱ्याने, मग तो आणण्यासाठी असो वा काढून टाकण्यासाठी, आपल्या कृतीने कोण जगेल आणि कोण मरेल याचा हिशेब ठेवावा. गृहस्थाच्या हातून घर बांधताना, शेत कसताना आरंभी हिंसा घडते. ती कमीत कमी व्हावी म्हणून यतना सांगितली आहे. तळ्यालाही तोच न्याय लावावा. खोदकाम चातुर्मासात करू नये; माघ-फाल्गुनात, जमीन कोरडी असताना करावे. परसात नैसर्गिक खोलगट जागा असेल तर तीच घ्यावी. वरची माती हाताने काढावी, एका बाजूस ठेवावी आणि शेवटी तीच तळ्यात अंथरावी. ज्यांना खोदणे मुळीच मान्य नाही, त्यांनी विटांचा बुटका कठडा रचून जमिनीवरच पाणी धरावे. मात्र कठड्याला बाहेरून आणि आतून मातीचा व दगडांचा उतार द्यावा.

आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, एकदा पाणी धरले की ते चैत्र-वैशाखात सोडून देऊ नये. ज्या जीवांना बोलावले त्यांना ऐन उन्हाळ्यात कोरड्या खड्ड्यात टाकणे, हे शोषणाहून फारसे वेगळे नाही.

काठ म्हणजेच तळे

तळे म्हटले की लोक खोलीचा विचार करतात. वास्तविक विचार काठाचा करावयाचा असतो. बाजारात मिळणारी शोभेची टाकी, फरशी लावलेला हौद आणि सरळ भिंतींचे कारंजे यांचे काठ उभे असतात. त्यात पडलेली खार, पाल, सरडा किंवा पक्ष्याचे पिल्लू पोहत राहते, भिंतीशी धडपडते आणि अखेर दमून बुडते. पाण्यातून नुकतीच पाय फुटून निघालेली नखाएवढी बेडकीही उभ्या गुळगुळीत भिंतीमुळे जमिनीवर येऊ शकत नाही. सकाळी पाण्यावर तरंगणारा देह कोणी तरी उचलून टाकतो आणि कारण मात्र कोणाच्या लक्षात येत नाही. हाच अनर्थ मोठ्या प्रमाणावर पाहावयाचा तर विनाकठड्याच्या विहिरींत पडणारे कोल्हे आणि बिबटे पाहावेत. प्लॅस्टिकचे अस्तर घातलेली खोल शेततळी पाहावीत, ज्यांच्या निसरड्या उतारावरून जनावरच नव्हे, माणूसही वर येऊ शकत नाही. पाणी जीवन आहे हे खरे. परंतु ज्यातून बाहेर येण्याची वाट नाही ते पाणी सापळा आहे.

म्हणून पहिला नियम असा की काठ उतरता असावा. तीन मीटर लांब आणि दोन मीटर रुंद असे अंडाकृती तळे साधारण परसाला पुरते. त्याची निदान एक लांब बाजू इतकी सावकाश उतरती असावी की चार पावले आत जावे तेव्हा एक पाऊल खोली यावी. या उथळ भागात दोन ते पाच सेंटिमीटर पाणी राहावे, कारण बुलबुल, चिमणी, शिंपी यांसारखे लहान पक्षी एवढ्याच पाण्यात अंघोळ करतात. पुढे वीतभर खोलीची एक पायरी वनस्पतींसाठी असावी आणि मध्यभागी दोन फूट खोली असावी, म्हणजे उन्हाळ्यात तळाचे पाणी फार तापत नाही. जेथे काठ उभा ठेवणे भागच असेल, तेथे खडबडीत दगडांची उतरंड किंवा पाण्यात तिरकी टेकविलेली फळी ठेवावी. जुन्या हौदांना व टाक्यांना तर हा उपाय आजच्या आज करता येईल.

जागा निवडताना अर्धा दिवस ऊन मिळेल असे पाहावे. मोठ्या पानगळीच्या झाडाखाली तळे करू नये. पाने कुजून पाणी नासते. मांजर दबा धरून बसू नये म्हणून काठाभोवती पाच-सहा फूट मोकळी जागा राखावी, पण त्यापलीकडे मेंदी, डाळिंब किंवा करवंद यांची दाट जाळी असावी. भिजलेल्या पक्ष्याला लांब उडता येत नाही. पंख वाळवण्यासाठी त्याला जवळच आडोसा लागतो.

अस्तर, माती आणि पाणी

पाणी मुरू नये म्हणून शेततळ्याला वापरतात तो पाचशे मायक्रॉनचा कागद पुरतो. त्याचे माप सोपे आहे. तळ्याच्या लांबीत खोलीची दुप्पट आणि दोन्ही काठांवर एक-एक फूट मिळवावे. रुंदीचेही तसेच करावे. वर सांगितलेल्या तळ्यासाठी सुमारे ४.८ मीटर लांब आणि ३.८ मीटर रुंद कागद लागेल. खाली बारीक वाळू किंवा जुनी गोणपाटे पसरावीत. कागद उघडा मात्र ठेवू नये. त्यावर सर्वत्र चार बोटे माती आणि उतारावर गोटे अंथरावेत, नाहीतर तोच निसरडा सापळा घरात तयार होईल. सिमेंट वापरल्यास नव्या सिमेंटचा चुना पाण्यात उतरतो. म्हणून तळे अनेकदा भरून रिकामे करावे आणि मगच त्यात वनस्पती लावाव्यात.

आता पाण्याचा हिशेब पाहू. वैशाखातील उन्हात उघड्या पाण्याची पातळी दिवसाला सुमारे एक सेंटिमीटर उतरते. या तळ्याचा पृष्ठभाग पावणेपाच चौरस मीटरच्या आसपास भरतो. म्हणजे रोज ४५ ते ५० लिटर पाणी उडून जाते. टंचाईच्या गावात हे पाणी थोडे नव्हे. दुसऱ्या बाजूने पाहता, एक चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी मिळते. पन्नास चौरस मीटर छपरावर वर्षाला ६०० मिलिमीटर पाऊस पडल्यास ३०,००० लिटर पाणी होते. गळती-उडती वजा जाता २४,००० लिटर हाती लागावे. त्याचा काही अंश टाकीत साठविला तर उन्हाळा निभावतो. हे जमणार नसेल, तर तळे मोठे करण्याचा मोह आवरावा आणि झेपेल एवढेच करावे. नळाचे पाणी घालावयाचे असल्यास ते एक-दोन दिवस उघडे ठेवावे, म्हणजे त्यातील क्लोरीन निघून जातो. साबणाचे पाणी आणि वाफ्यावर फवारलेल्या औषधाचा निचरा यांना तळ्यात थारा देऊ नये.

कोणाला आणावे, कोणाला येऊ द्यावे

वनस्पती लावाव्यात, प्राणी आणू नयेत. काठावर वेखंड, लव्हाळा, ब्राह्मी आणि आत कुमुद किंवा कमळ लावावे. वेखंड-लव्हाळ्याचे उभे देठ शोभेसाठी नव्हेत. चतुराचे पिल्लू महिनोन्‌महिने पाण्यात वाढते आणि एके दिवशी अशाच देठावर चढून, कात टाकून, पंख पसरते. देठ नसेल तर त्या जीवाला जन्माची शेवटची पायरीच मिळत नाही. जलपर्णी मात्र कितीही सुंदर दिसली तरी लावू नये. दक्षिण अमेरिकेतून आलेल्या या वनस्पतीने रंकाळ्याची आणि पंचगंगेची काय अवस्था केली, हे सर्वांनी पाहिले आहे.

ओढ्यातून बेडूकमासे आणावेत, दुकानातून मासे वा कासव आणून सोडावे, असा उत्साह मुलांना होतो. त्याला प्रेमाने आवर घालावा. स्थानिक कासवे पाळणे हा वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ अन्वये गुन्हा आहे. परंतु कायद्याच्या आधीच आपल्या आजी-पणजींनी हा विवेक शिकविला आहे. पाणी गाळल्यावर वस्त्रात उरलेले जीव त्या कोठेही टाकीत नसत. ज्या आडाचे पाणी, त्याच आडात ते हळुवार परत सोडीत. प्रत्येक जीवाचे स्वतःचे पाणी असते, हे तत्त्व त्या आचारात आहे. एका पाण्यातला जीव दुसऱ्या पाण्यात टाकला तर तो दगावतो, किंवा तेथील इतर जीवांना रोग लावतो. तळे योग्य असेल तर बोलावणे धाडावे लागत नाही. पहिल्या पावसात बेडूक स्वतः येतात, पाठोपाठ चतुर आणि टाचण्या येतात, थंडीत शेपटी हलवीत धोबी पक्षी येतो, आणि एखाद्या सकाळी तारेवर खंड्या बसलेला दिसतो.

डासांचा प्रश्न

तळे म्हणजे डास, ही भीती रास्त आहे आणि डेंग्यूच्या काळात ती हसण्यावारी नेऊ नये. डेंग्यूचा डास मुख्यतः घराभोवतीच्या साठवणीच्या पाण्यात वाढतो; टायर, कूलर, कुंडीखालची ताटली, उघडी टाकी ही त्याची आवडती ठिकाणे. तेथे त्याच्या अळीला शत्रू नसतो. जिवंत तळ्यात चतुराची पिल्ले आणि पाणकिडे अळ्या खातात. परंतु नवे तळे पहिले काही महिने असे जिवंत नसते. त्या काळात लहान पंपाने पाणी हलते ठेवावे, कारण स्थिर पृष्ठभाग नसेल तर डास अंडी घालण्यास नाखूश असतो आणि अळीलाही श्वास घेता येत नाही. आठवड्यातून एकदा पाणी निरखावे आणि घरातील इतर सर्व भांड्यांसाठी ‘कोरडा दिवस’ पाळावा. औषध टाकून अळ्या मारण्यापेक्षा त्यांची उत्पत्तीच न होऊ देणे, हा यतनेचा मार्ग आहे.

डासांसाठी गप्पी किंवा गंबुसिया मासे सोडावेत, असा सल्ला मिळतो. गंबुसिया मासा भारतात १९२८ साली आणला गेला. तो डासांच्या अळ्यांबरोबर बेडूकमासे आणि इतर माशांची अंडीही खातो, आणि जगातील शंभर अतिउपद्रवी परक्या जीवांच्या यादीत त्याची गणना झाली आहे. एका जीवाला मारण्यासाठी दुसरा जीव मुद्दाम आणून सोडणे जैन मनाला रुचणारे नाही. येथे तर ते निसर्गालाही मानवणारे नाही.

भय आणि विवेक

बेडकांमागे दिवड येईल. ती विषारी नाही. तरीही कोणताही साप दिसल्यास न मारता दूर राहावे आणि जाणकार सर्पमित्रास बोलवावे. पार्श्वनाथांचे लांछन ज्यांच्या मंदिरात आहे, त्यांना अधिक काय सांगावे! लहान मुलांच्या बाबतीत मात्र कठोर दक्षता हवी. रांगते-चालते मूल दोन फूटच काय, वीतभर पाण्यातही बुडू शकते. असे मूल घरात असेल तर तळ्याभोवती जाळीचे कुंपण घालावे किंवा मूल मोठे होईपर्यंत केवळ उथळ पाणथळ ठेवावी. स्वतःच्या लेकराला भय असेल तेथे अभयदान कसले?

तळ्यावर रंगीत दिवे आणि कारंजी लावू नयेत. दिव्यावर झेपावून कीटक मरतात, हे रात्रिभोजनत्याग पाळणाऱ्या घराला नव्याने सांगावयास नको.

आणखी एक गोष्ट मनाशी स्वच्छ असावी. मंदिरांच्या भिंतींवर सिंह आणि गाय एकाच पात्रातून पाणी पीत असल्याचे चित्र असते. ते समवसरणाच्या प्रभावाचे चित्र आहे. परसातील तळ्यावर खंड्या मासा टिपणारच आणि बेडूक किडा गिळणारच. ते पाहून कोणी व्यथित होईल, कोणी खंड्याला हाकलू पाहील. दोन्ही प्रतिक्रिया समजण्याजोग्या आहेत. परंतु गृहस्थाचे व्रत आपल्या मन-वचन-कायेने हिंसा न करण्याचे आहे. सृष्टीतील प्रत्येक जीवाच्या आहाराचा कारभार हाती घेण्याचे नाही. त्याने भक्ष्य पुरवू नये, भक्षकाला मारू नये आणि लपण्याच्या जागा मुबलक ठेवाव्यात. तत्त्वार्थसूत्राने जीवांचा परस्पर-उपकार सांगितला आहे. तो या काठावर बसून पाहता येतो.

वर्षातून एकदा, पावसाळा सरल्यानंतर, गाळ काढावा; तोही एका वेळी तिसऱ्या हिश्शापेक्षा अधिक नको. काढलेला गाळ आणि शेवाळ एक दिवस काठावरच ठेवावे, म्हणजे त्यातील जीव आपणहून पाण्यात परततील. मग ते खत म्हणून झाडांना द्यावे. सदनिकेत राहणाऱ्यांनीही हताश होऊ नये. गच्चीवरील पसरट टोपात एका बाजूने गोटे रचून उतार केला, पाणी दर दोन-तीन दिवसांनी बदलले आणि भांडे घासून घेतले, तरी तो पाणवठाच आहे.

पन्नास वर्षे एखादी संस्था चालते, ती उद्घाटनाच्या दिवशी फोडलेल्या नारळामुळे नव्हे. दर महिन्याला हिशेब लिहिणाऱ्या, दिवा लावणाऱ्या, झाडलोट करणाऱ्या हातांमुळे. तळ्याचेही तसेच आहे. खोदण्यास एक दिवस पुरतो, राखणे हे व्रत आहे. ज्या संस्थांना आवार आहे, त्यांनी या सुवर्णमहोत्सवी वर्षात एक तळे करावे आणि त्याची निगा वसतिगृहातील मुलामुलींकडे सोपवावी. तळे लहान असले तरी चालेल, पण काठ उतरता असावा. आलेल्या प्रत्येक जीवाला सुखरूप परत जाता आले पाहिजे.

जय जिनेंद्र!